टीए विद्यार्थी की कामगार? अमेरिकेतलं पन्नास वर्षांचं भांडण

ज्यांचं लोकलमध्ये नेटवर्क जातं, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं वाटतं, त्यांच्यासाठी हा नेहमीसारखाच या भागाचा लेखी अवतार. बोलताना झालेलं पाल्हाळ छाटलंय, बाकी माल तोच आहे.

सुरुवात एका व्हॉट्सॲप मेसेजपासून करतो. माझा बीटेकचा रूममेट सध्या अमेरिकेत एका खाजगी विद्यापीठात पीएचडी करतोय. मागच्या महिन्यात रात्री दीड वाजता त्याचा मेसेज आला. त्याच्याकडे दुपार असते तेव्हा आपल्याकडे माणसं झोपलेली असतात, हे तो अजूनही विसरतो. मेसेज असा होता: "लॅबमध्ये युनियनवाले कार्ड घेऊन आलेत. सही करू का? व्हिसाचा काही लोचा नाही ना होणार?"

मी झोपेतच टाइप केलं, "युनियन? अरे, तू स्टुडंट आहेस ना?"

त्याचं उत्तर आलं, "तेच तर भांडण आहे भावा. पन्नास वर्षांपासून चालू आहे."

झोप उडाली. पुढचे तीन आठवडे ऑफिस सुटल्यावर मी हे भांडणच वाचत बसलो होतो. आजचा भाग त्यावर. मी वकील नाही, कोड लिहितो. त्यामुळे जसं मला समजलं तसं सांगतो.

आधी टीए आणि आरए म्हणजे कोण

तुमच्या सोसायटीत, कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी एमएस किंवा पीएचडीला अमेरिकेत गेलेलं असणारच. तिथे पोहोचल्यावर पहिली धावपळ असते 'टीए-शिप' मिळवायची. टीए म्हणजे टीचिंग असिस्टंट. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरांची लॅब घ्यायची, असाइनमेंट तपासायच्या, पेपरला मार्क द्यायचे, शंका सोडवायला ठरलेल्या वेळी बसायचं. आरए म्हणजे रिसर्च असिस्टंट. प्रोफेसरांना मिळालेल्या ग्रँटवर त्यांच्या लॅबमध्ये संशोधन करायचं. कागदावर हे काम साधारण आठवड्याला २० तासांचं. बदल्यात फी पूर्ण किंवा बरीचशी माफ होते आणि वर दर महिन्याला स्टायपेंड मिळतो.

आता हा माणूस विद्यार्थी की कर्मचारी? आपल्या घरच्यांना विचारलं तर ते म्हणतील, दोन्ही. शिकतोही आहे, कमावतोही आहे. पण कायद्याला असं मोघम उत्तर चालत नाही. तो कर्मचारी ठरला तर त्याला युनियन करण्याचा हक्क मिळतो, आणि युनियन निवडून आली की विद्यापीठाला तिच्याशी वाटाघाटीला बसावंच लागतं. तो फक्त विद्यार्थी ठरला तर विद्यापीठ म्हणू शकतं, "छान, तुमचं निवेदन मिळालं." आणि विषय संपला.

कायद्यातलं रिकर्शन

मूळ कायदा १९३५ चा. नॅशनल लेबर रिलेशन्स ॲक्ट. रूझवेल्टच्या काळातला, मंदीतला. खाजगी क्षेत्रातल्या कामगारांना संघटना करण्याचा आणि मिळून वाटाघाटी करण्याचा हक्क यात आहे. मग 'एम्प्लॉयी' म्हणजे कोण? कायदा म्हणतो, 'एम्प्लॉयी' या शब्दात कुठलाही एम्प्लॉयी येतो.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांनो, हसू आलं ना? फंक्शन स्वतःलाच कॉल करतंय आणि बेस केसच लिहिलेली नाही.

कोण येत नाही याची यादी मात्र कायद्यात आहे. शेतमजूर नाहीत, घरकामगार नाहीत. १९४७ च्या दुरुस्तीनंतर सुपरवायझर आणि स्वतंत्र कंत्राटदारही नाहीत. विद्यार्थ्यांबद्दल एक अक्षर नाही. हो नाही, नाहीही नाही.

ही मोकळी जागा भरायचं काम नॅशनल लेबर रिलेशन्स बोर्डाकडे आलं. यापुढे नुसतं 'बोर्ड' म्हणतो. बोर्डात पाच सदस्य असतात आणि प्रत्येकाची मुदत पाच वर्षांची. नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, मंजुरी सेनेट देतं. त्यामुळे व्हाइट हाऊसमध्ये पक्ष बदलला की थोड्याच काळात बोर्डातलं बहुमतही बदलतं. हे लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट यावर चालते.

एक फाटा इथेच सांगून टाकतो. हा कायदा आणि हे बोर्ड फक्त खाजगी विद्यापीठांसाठी. सरकारी विद्यापीठांना त्या-त्या राज्याचा कायदा लागतो. विस्कॉन्सिन-मॅडिसनमध्ये टीए लोकांच्या संघटनेला १९६९ मध्येच मान्यता मिळाली आणि १९७० मध्ये संपानंतर पहिला करार झाला. उलट नॉर्थ कॅरोलिनात सरकारी कर्मचाऱ्यांशी सामूहिक करार करायला कायद्यानेच बंदी आहे. टेक्सासातही पोलीस आणि अग्निशमन दलासारखे अपवाद सोडले तर तेच. म्हणजे आपल्यातला एक जण कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठात टीए आहे आणि दुसरा टेक्सासच्या. दोघं तेच पेपर तपासतात, पण एकाला हक्क आहे, दुसऱ्याला नाही.

मर्ज, रिव्हर्ट, परत मर्ज

आता खाजगी विद्यापीठांकडे येऊ. १९५१ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात बोर्डाने सांगितलं की ना-नफा शिक्षणसंस्थांमध्ये आम्ही पडणार नाही. १९७० मध्ये कॉर्नेलच्या प्रकरणात म्हणालं, पडणार. दोनच वर्षांनी, १९७२ मध्ये, अडेल्फी विद्यापीठाचा प्रश्न आला: टीए लोकांना प्राध्यापकांच्या युनियनमध्ये घ्यायचं का? बोर्ड म्हणालं, नाही, हे मुख्यतः विद्यार्थी आहेत. १९७४ मध्ये स्टॅनफर्डच्या फिजिक्समधल्या आरए लोकांनाही तेच उत्तर मिळालं.

मग १९९९ मध्ये एक वेगळी केस आली, बॉस्टन मेडिकल सेंटरमधल्या निवासी डॉक्टरांची. इथे आपल्याला लगेच 'मार्ड' आठवणार. महाराष्ट्रात निवासी डॉक्टर संपावर गेले की टीव्हीवर हाच वाद असतो: हे शिकणारे की काम करणारे? बोर्डाने आपलाच जुना निर्णय बदलला आणि सांगितलं की हे शिकत असले तरी कर्मचारीही आहेत. हे दार उघडल्यावर टीए लोकांना आत यायला वेळ लागला नाही. २००० मध्ये, क्लिंटन यांच्या काळात, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या केसमध्ये बोर्ड म्हणालं, पदवीचं शिक्षण घेणारे टीएसुद्धा कर्मचारी आहेत. २००२ मध्ये तिथे करार झाला. खाजगी विद्यापीठातला तो पहिलाच.

२००४ मध्ये बुश राष्ट्राध्यक्ष होते. ब्राउन विद्यापीठाच्या केसमध्ये बोर्डाने ३ विरुद्ध २ मतांनी २००० चा निर्णय रिव्हर्ट केला. २००५ मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचा करार संपला. विद्यापीठाने युनियनशी नवा करार करायला नकार दिला. संप झाला, महिनोन्‌महिने चालला आणि विरून गेला. शेवटी २०१३ मध्ये विद्यापीठाने स्वतःहून मान्यता द्यायचं कबूल केलं, पण तोवर आठ वर्षं गेली होती.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये, ओबामांच्या काळात, परत कोलंबिया विद्यापीठ. या वेळी ३ विरुद्ध १. टीए कर्मचारी आहेत, आरए कर्मचारी आहेत, इतकंच काय, पदवीपूर्व वर्गातली मुलं टीएचं काम करत असतील तर तीही.

१९३५ पासून आजपर्यंत संसदेने या प्रश्नावर कायद्यात एक ओळही बदललेली नाही. टीएचं कामही तेच आहे. फक्त ठरवणारी माणसं बदलली.

दोन्ही बाजू नीट ऐकू

इथे एक कबुली. मी वाचायला बसलो तेव्हा मला वाटलं होतं की विद्यापीठं म्हणजे व्हिलन, पैसे वाचवायला बघतायत. तसा भाग असेलही. पण त्यांचे मुद्दे इतके फालतू नाहीत.

पहिला मुद्दा: बऱ्याच विभागांत शिकवणं हा पदवीचाच भाग असतो. न शिकवता पीएचडी मिळत नाही. शिवाय शिकवणाऱ्याला आणि नुसत्या फेलोशिपवर असणाऱ्याला बऱ्याचदा सारखेच पैसे मिळतात. मग तो पगार कसला? ती शिक्षणाला दिलेली मदत.

दुसरा: वाटाघाटीत कशावर बोलणार? वर्गात किती मुलं, कोणी काय शिकवायचं, परीक्षा कशी घ्यायची, हे जर करारात आलं तर विद्यापीठाचं शैक्षणिक स्वातंत्र्य कुठे राहिलं?

तिसरा मुद्दा २०१६ च्या निकालातल्या विरोधी मतात आहे. विद्यार्थी इथे पदवीसाठी येतो. संप, टाळेबंदी ही औद्योगिक भांडणाची हत्यारं शिक्षणात आणली तर त्याचीच पदवी लांबेल.

युनियनची बाजू सरळ आहे. कायद्यात वगळलेल्यांची यादी आहे आणि तिच्यात विद्यार्थी नाहीत. मग तुम्ही मनाने कसे घालता? एखाद्याच्या देखरेखीखाली, त्याने सांगितलेलं काम मोबदल्यासाठी करतो तो कर्मचारी, हा जुना सर्वसाधारण नियम. त्यात टीए बसतो. आणि माणूस एकाच वेळी दोन्ही असू शकतो. शैक्षणिक स्वातंत्र्याचं म्हणाल तर सरकारी विद्यापीठांत कित्येक दशकं करार होत आलेत, तिथे वर्ग बंद पडलेले नाहीत. कशावर वाटाघाटी होणार नाहीत हेही करारातच लिहिता येतं.

'शिकतोय म्हणून कर्मचारी नाही' हे मला पटत नाही. मी कंपनीत जॉइन झालो तेव्हा पहिलं वर्षभर कामापेक्षा जास्त शिकतच होतो. प्रॉडक्शनला हात लावायची परवानगी नव्हती. तरी पीएफ पहिल्या महिन्यापासून कापला जात होता. तेव्हा मला कुणी म्हटलं नाही की तू विद्यार्थी आहेस.

हा युक्तिवाद फक्त अमेरिकेचा आहे असंही समजू नका. गोव्यातल्या एका शाळेतल्या शिक्षिकेची केस १९८८ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टात निकाली निघाली. कोर्टाने मानलं की शाळा हा कायद्याच्या अर्थाने 'उद्योग' आहे, पण शिक्षक 'कामगार' नाही, कारण शिकवणं हे कारकुनीसारखं काम नसून एक उदात्त कार्य आहे. प्रश्न तिकडच्यापेक्षा वेगळा, कायदा वेगळा, पण सूर ओळखीचा आहे. काम मोठं आहे असं म्हणायचं, आणि त्या मोठेपणामुळेच कामगाराचे हक्क लागू होत नाहीत असंही म्हणायचं.

खरी अवघड गाठ आरए लोकांची आहे. टीएचं काम वेगळं दिसतं, पेपरचा गठ्ठा समोर असतो. माझा मित्र ज्या प्रयोगावर पगार घेतो, त्याच प्रयोगावर त्याचा प्रबंध आहे. रात्री अकरा वाजता तो लॅबमध्ये असतो तेव्हा तो नोकरी करतोय की स्वतःची पदवी? २० तास कुठे संपतात? हे त्यालाही सांगता येत नाही, आणि बोर्डाच्या कुठल्याच निकालात याचं पूर्ण समाधान करणारं उत्तर मला सापडलं नाही.

एमआयटीचं उदाहरण बघा. २०२२ मध्ये तिथे युनियन जिंकली. मग फेलोशिपवर असलेल्यांचा प्रश्न आला. २०२३ मध्ये बोर्डाच्या प्रादेशिक कार्यालयाने सांगितलं, हे कर्मचारी नाहीत, कारण त्यांचे पैसे विशिष्ट कामाशी बांधलेले नाहीत. म्हणजे एकाच लॅबमध्ये शेजारी बसून काम करणाऱ्या दोघांत एक युनियनमध्ये, एक बाहेर. फरक फक्त पैसे कुठल्या खात्यातून येतात याचा.

जिंकल्यावर सुद्धा

२०१६ च्या निकालानंतर डिसेंबरमध्ये कोलंबियात मतदान झालं. बाजूने १,६०२, विरोधात ६२३. पिक्चर संपला? छे. विद्यापीठाने आक्षेप घेतले, मग वाटाघाटींना नकार दिला. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये बोलायला तयार झालं. त्यानंतर संप, तोही एक नव्हे. पहिला करार जमला २०२२ च्या जानेवारीत. पहिल्या वर्षाला असताना ज्याने मत दिलं, तो करार होईपर्यंत पीएचडी संपवून निघायच्या बेतात होता.

दुसरी गोष्ट मला जास्त चटका लावून गेली. २०१७ मध्ये ट्रम्प आल्यावर बोर्डाचं बहुमत बदललं. २०१८ मध्ये येल, शिकागो, बॉस्टन कॉलेज इथल्या युनियन्सनी बोर्डासमोरचे आपलेच अर्ज मागे घेतले. मतं नव्हती म्हणून नाही. केस बोर्डासमोर गेली तर त्या निमित्ताने २०१६ चा निकालच उलटवला जाईल, ही भीती होती. कायद्याने दिलेला हक्क टिकवायचा म्हणून तो वापरायचा नाही, अशी वेळ आली. २०१९ मध्ये बोर्डाने विद्यार्थ्यांना सरसकट वगळणारा नियमच प्रस्तावित केला. सरकार बदललं आणि २०२१ च्या मार्चमध्ये तो मागे घेतला गेला.

मग बांध फुटला. एमआयटी, नॉर्थवेस्टर्न, जॉन्स हॉपकिन्स, शिकागो. येलमध्ये १९९० च्या दशकापासून प्रयत्न चालू होते, तिथे २०२३ च्या जानेवारीत १,८६० विरुद्ध १७९ मतांनी युनियन आली. सरकारी बाजूला कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२२ च्या अखेरीस ४८,००० जण संपावर गेले होते. टीए लोकांचा किमान पगार साधारण २३,००० डॉलरवरून २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत सुमारे ३४,००० वर न्यायचं ठरलं. कॅलिफोर्नियात झेंडा कुणाचा, तर युनायटेड ऑटो वर्कर्सचा. हो, मोटारी बनवणाऱ्या कामगारांची युनियन.

आणि त्यानंतर? २०२५ च्या जानेवारीत ट्रम्प यांनी बोर्डातल्या एका सदस्याला काढलं आणि बोर्डावर दोनच जण उरले. निकाल द्यायला किमान तीन लागतात. म्हणजे तेव्हा रेफ्रीच मैदानाबाहेर गेला. शिवाय २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं आहे की कायदा संदिग्ध असला तरी सरकारी यंत्रणेने लावलेला अर्थ कोर्टाने मान्य करावा असं बंधन नाही. टीएच्या प्रश्नावर सुप्रीम कोर्टाने कधीच थेट निकाल दिलेला नाही. २०१६ चा निकाल उलटवायला बोर्डात तीन मतं पुरतात, आणि पुढे कोर्ट काय म्हणेल याचा अंदाज आता पूर्वीपेक्षा अवघड झाला आहे.

मला या सगळ्यातून एकच गोष्ट दिसली. टीए विद्यार्थी की कामगार, याला दोन्ही बाजूंनी प्रामाणिक उत्तरं आहेत. पण उत्तर दर काही वर्षांनी निवडणुकीबरोबर बदलत असेल, तर जो सर्वात कमी काळ तिथे आहे आणि ज्याच्या खिशात सर्वात कमी पैसे आहेत, त्याचंच सर्वात जास्त नुकसान होतं. विद्यापीठ थांबू शकतं. पाच-सहा वर्षांसाठी आलेला पोरगा थांबू शकत नाही.

मग सही करायची का?

मित्राला मी जे सांगितलं ते इथे मुद्द्यांत.

कार्डावर सही म्हणजे युनियन झाली असं नाही. किमान ३० टक्के लोकांच्या सह्या असतील तर बोर्डाकडे निवडणुकीचा अर्ज करता येतो. मतदान गुप्त असतं, आणि पडलेल्या मतांपैकी बहुमत लागतं. बोर्ड ही कार्डं विद्यापीठाला दाखवत नाही. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्यालाही सही आणि मतदानाचा हक्क आहे, आणि युनियनमध्ये जाणं हे व्हिसाच्या अटींचं उल्लंघन नाही. सही केली म्हणून कुणाला त्रास देणं बेकायदेशीर आहे.

हे सगळं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "कागदावर ठीक आहे रे." बरोबर आहे त्याचं. २०२५ च्या एप्रिलमध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी अचानक रद्द झाल्या आणि नंतर पूर्ववत केल्या गेल्या. त्याचा युनियनशी संबंध नव्हता, पण ते बघितलेल्या माणसाला 'काही होणार नाही' असं मुंबईत बसून सांगणं सोपं आहे.

मी विचारलं, तुला नक्की काय हवंय? पगारवाढ? तो म्हणाला, ती नंतर. त्याला उन्हाळ्याचे तीन महिने पैसे मिळणार की नाही हे दर वर्षी मे महिन्यात कळतं. घरभाडं मात्र मे महिन्याची वाट बघत नाही. मागच्या वर्षी त्याने घरून पैसे मागवले होते, आणि वडिलांना कारण वेगळंच सांगितलं होतं. त्याला फक्त नेमणुकीचं पत्र वेळेवर हवंय, आणि नाही मिळालं तर दाद मागायला एक जागा. युनियनच्या करारांमध्ये पगाराबरोबर अशाच गोष्टी असतात: तारखा, विमा, तक्रार निवारण.

चार दिवसांनी त्याने सही केली. त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीने नाही केली. तीही परदेशी, तिचं पीएचडीचं शेवटचं वर्ष आहे आणि तिला आत्ता कुठलीच जोखीम नकोय. मित्र म्हणाला, आम्ही दोघं अजूनही एकत्रच जेवतो.

तुमच्यापैकी कुणी तिकडे टीए किंवा आरए असेल, किंवा इथे निवासी डॉक्टर असेल, तर तुमचा अनुभव व्हॉइस नोटमध्ये पाठवा. नाव घेणार नाही. आणि मी कायद्यात कुठे घोळ घातला असेल तर वकील मंडळींनी हक्काने कान उपटा, पुढच्या भागात दुरुस्ती करू.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.